तिसरा हौद

१

अप्पारावांच्या मळ्यातले दोन हौद मंगळवारी सकाळी मेले. हौद मरत नाहीत हे बेबीनंदालाही कळत होतं, पण अप्पारावांनी जालन्याच्या कार्यालयात फोन करून हेच शब्द वापरले आणि मळ्यावर पोचल्यावर तिलाही दुसरे सुचले नाहीत. एकेका हौदात झिंग्याची वीस हजार पिल्लं होती, आंध्रच्या किनाऱ्यावरून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आणलेली. महिनाभर हौदात वाढवायची आणि मग शेततळ्यात सोडायची, असा बेत होता. आता ती तळाशी थरानं पडली होती आणि पाण्याला वास सुटला होता.

बेबीनंदा साळवे मत्स्यव्यवसाय खात्यात सहायक अधिकारी होती. बदनापूरची, रोज रेल्वेनं जालन्याला ये-जा करणारी, वयानं अडतीस आणि तोंडानं फटकळ. जालना जिल्ह्याला समुद्र नाही, मग या खात्यात दिवसभर करता काय, असं नातेवाईक तिला लग्नकार्यात हटकून विचारायचे. दोन हजार तीनच्या त्या श्रावणात मात्र ज्याच्याकडे शेततळं तो झिंगा सोडायला निघाला होता आणि बाईंना जेवायला फुरसत नव्हती.

अंकुशनगरच्या कारखान्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर अप्पारावांचा मळा. ओसरीवर पंचनामा आधीच लिहून ठेवला होता. मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं होतं, विषप्रयोग. खाली सहीपुरती जागा सोडलेली. अप्पारावांचा धाकटा भाऊ काकासाहेब पेनाचं टोपण काढूनच बसला होता.

चहा आला. अप्पाराव, काकासाहेब आणि जीपचा ड्रायव्हर यांना कपबशीत. बेबीनंदाला काचेच्या ग्लासात. तो ग्लास घरातून आला नाही. दाराबाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला होता, तो अप्पारावांच्या आईनं, गोजरबाईंनी, विसळून पुढे केला. बेबीनंदानं असले ग्लास लहानपणी पुष्कळ पाहिले होते. तिच्या डोक्यात तिडीक गेली. चहा तिनं तसाच बाजूला ठेवला.

"सही करा मॅडम," अप्पाराव म्हणाले. "चार वाजता अंबडला ठाण्यात जायचंय. राखणदाराला कोंडून ठिवलाय. त्याच्या झोपडीच्या छपरात कपाशीवरच्या औषधाची बाटली सापडली."

राखणदार म्हणजे मच्छिंद्र. चार वर्षांपासून हौदांशेजारी झोपडी बांधून बायको शिवकन्येसह राहणारा. बेबीनंदानं विचारलं, हौद तीन आहेत, मेले दोन, तिसऱ्याचं काय?

काकासाहेबानं पेनाचं टोपण लावलं.

"तिसरा जित्ता हाय. एक पिल्लू मेलं न्हाई," तो म्हणाला. "आन त्यो हौद कुणाचा इचारा. मच्छिंद्रचा. राखणीच्या बदल्यात दादानं त्याला देऊन टाकला. म्या तवाच नको म्हनलं व्हतं."

मग जरा थांबून तो पुढे म्हणाला, "तुमच्या लोकातला हाय म्हणून हात आखडू नका."

२

बेबीनंदानं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि सरळ हौदांकडे चालू लागली. अप्पाराव मागून आले. सही करायला बोलावलं होतं, हिंडायला नाही, असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय, असंही सांगितलं. साहेबांशी बोलणं झालं असेल तर साहेबांचीच सही घ्या, असं तिनं चालता चालता उत्तर दिलं. सकाळी निघताना साहेबांनी तिलाही बजावलं होतं की सही कर आणि दुपारच्या गाडीनं परत ये. ते आठवून तिचा पाय उलट अधिक जोरात पडला.

तीन हौद एका रांगेत होते. एकाच गवंड्यानं बांधलेले, एकाच विहिरीच्या पाण्यानं भरलेले. खाणं एकाच पोत्यातलं. पिल्लं एकाच दिवशी, एकाच जीपमधून आलेली, रविवारी, मागच्याच्या मागच्या. म्हणजे नववा दिवस भरून दहाव्या दिवशी दोन हौदांचा कारभार आटोपला होता.

तिनं पहिल्या हौदातून मूठभर मेलेली पिल्लं काढून तळहातावर घेतली. जिवंतपणी हे पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. या सगळ्यांच्या शेपट्या पांढऱ्या पडल्या होत्या, उकडल्यासारख्या. तिनं त्यातली थोडी स्पिरिटच्या बाटलीत घातली.

मग ती बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत राहिली. वरच्या बाजूला डासांसाठी सोडलेले गप्पी मासे मजेत फिरत होते. त्यांच्यामध्ये टिकलीएवढी हिरवी गोल पानं तरंगत होती, पाच-सात इथे, दहा-बारा तिथे. दुसऱ्या हौदात तसंच. तिसऱ्यात गप्पी होते, पानं नव्हती. ती विहिरीवर जाऊन वाकून आली. विहिरीतही नव्हती.

पहिल्या हौदाच्या कठड्यावर हळदीची दोन बोटं उमटलेली होती, पावसानं फिकट झालेली. दुसऱ्याच्याही होती. तिसऱ्याचा कठडा कोरा होता. ही हळद कुणी लावली, असं तिनं विचारलं. अप्पारावांना ठाऊक नव्हतं. बायका लावतात काहीबाही, असं म्हणून त्यांनी हात झटकले.

"बाटली बघू," ती म्हणाली.

काकासाहेबानं ती रुमालात गुंडाळून आणली होती, पुरावा म्हणून. बेबीनंदानं ती उजेडात धरली, बाहेरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग तोंडाशी डोळा नेला. बाटलीच्या गळ्यात कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीनं जाड झालेलं, आणि त्यात दोन वाळकी चिलटं.

तिनं ते कुणाला दाखवलं नाही. बाटली मात्र परत दिली नाही.

३

मच्छिंद्रला कापसाच्या खोलीत कोंडलं होतं. कापूस यायला अजून तीन महिने होते, त्यामुळे खोली रिकामी होती. भिंतींना आणि कोपऱ्यांत मागल्या सालचे पुंजके चिकटलेले. किल्ली काकासाहेबाच्या करगोट्याला असायची. त्यानं दार उघडलं आणि चौकटीतच उभा राहिला. बेबीनंदानं त्याला पाणी आणायला पाठवलं. तो गुरगुरत गेला.

मच्छिंद्रच्या कानाखाली सूज होती. तो उठून उभा राहिला नाही, कारण त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"म्या न्हाई केलं ताई," तो म्हणाला. "शनवारपासून सांगून राह्यलो, दोन हौदांत खाणं शिल्लक राहून राह्यलंय म्हणून. पिल्लं खाईनात. आइतवारी शेपट्या पांढऱ्या दिसल्या, तेबी सांगितलं. दादा म्हनले, खाणं कमी टाक. जहराला काय तीन दिस लागतेत का?"

त्याचा सवाल बरोबर होता आणि तो तिच्याही मनात हौदापाशीच आला होता. तिनं विचारलं, त्याच्या आधी काही वेगळं घडलं का? कुणी आलं-गेलं, काही टाकलं, काही धुतलं?

मच्छिंद्रनं आठवून पाहिलं. पिल्लं आल्यानंतरच्या मंगळवारी दुपारी तो मळ्यावर नव्हता. घरून निरोप आला होता, की अंबडहून पेंड घेऊन ये. पेंडीची दोन पोती घरात शिल्लक असताना निरोप कशाला, हे त्याला कळलं नव्हतं. पण राखणदारानं असं विचारायचं नसतं. शिवकन्या निंदायला गेली होती. तो दिवे लागायच्या सुमाराला परतला तेव्हा दोन हौदांच्या कठड्यांवर पाणी सांडलेलं होतं. पाऊस तर नव्हता.

काकासाहेब पाणी घेऊन आला. हातात तोच काचेचा ग्लास होता, कोनाड्यातला. मच्छिंद्रनं तो सवयीनं घेतला आणि प्यायला. बेबीनंदानं मान फिरवली, तेव्हा तिची नजर भिंतीतल्या फळीवर गेली. फळीवर फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या, सगळ्या धुळीनं माखलेल्या आणि कापसाचे तंतू चिकटलेल्या. आठ बाटल्या, आणि चौथ्या-पाचव्यामध्ये एक स्वच्छ गोल, पेल्याच्या बुडाएवढा.

"काय बघून राह्यल्या?" काकासाहेबानं विचारलं.

"जागा," बेबीनंदा म्हणाली आणि उठली.

४

बांधापलीकडे पुंजारामचा मळा होता. अप्पाराव आणि पुंजाराम चुलतभाऊ, आणि बांध कुणी कोरला यावरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच्या विहिरीचं पाणी दुसऱ्यानं शिवायचं नाही, अशी अप्पारावांनी शपथच घातली होती. पुंजारामनं जिल्ह्यात पहिल्यांदा झिंगा काढला तेव्हा अप्पारावांनी आठ दिवस नीट अन्न घेतलं नाही, असं ड्रायव्हरनं सकाळी जीपमध्ये सांगितलं होतं. ते ऐकून बेबीनंदाला हसू आलं होतं.

पुंजाराम तिला बघून उठला नाही. दोन हौद मेल्याचं त्याला कळलं होतं आणि त्याचा आनंद त्यानं लपवलाही नाही.

"मरणारच," तो म्हणाला. "नक्कल करायला अक्कल लागती. आता माझ्यावर आळ घ्यायला आल्या असताल तर खुशाल घ्या. त्या घरच्या माणसानं सहा सालांत माझा बांध वलांडला न्हाई, आन म्या त्यांचा."

तिनं आळ घेतला नाही. तुमचं तळं दाखवा म्हणाली. यावर मात्र गडी फुलला. तळ्यात त्यानं जाळं टाकलं आणि वीतभर लांबीचे निळ्या नांग्यांचे सात-आठ झिंगे बाहेर काढले. अंगावर डाग नाही, शेपटी स्वच्छ. असा माल औरंगाबादच्या पलीकडे कुणी बघितलेला नाही, असं तो सांगत होता. बेबीनंदा मान डोलावत होती. तिचं लक्ष पाण्याच्या काठाकडे होतं. तिथे टिकलीएवढ्या हिरव्या गोल पानांची साय धरली होती.

यंदा नवीन पिल्लं सोडली का, असं तिनं विचारलं. पुंजारामचा चेहरा बदलला. वीस हजार सोडली होती म्हणाला, आषाढात, त्याच तळ्यात, टिकली नाहीत. बगळ्यांनी खाल्ली असणार.

"वीस हजार?"

पुंजारामनं जाळं झटकून खांद्यावर टाकलं.

घरापाशी त्याच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, तिला हाक मारून ताक दिलं. इथे पेला सगळ्यांसारखाच होता. ताक घट्ट आणि गोड होतं. चुलीशेजारी भांड्यांत एक पितळी कडीचा स्टीलचा डबा होता. मराठवाड्यात स्टीलच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात येत नाही, आणि बेबीनंदाला दुसऱ्याच्या घरची भांडी वाचायची खोड होती. डब्यावर नाव होतं, गोजरबाई, म्हणजे अप्पारावांच्या आईचं.

गिरिजाबाईंनी तिची नजर पाहिली आणि दाराबाहेर नवरा दूर आहे याची खात्री करून घेतली.

"गड्यांचं गड्यांपाशी," त्या हळूच म्हणाल्या. "आत्याबाईच्या घरी दही लागत न्हाई नीट. इरजण माझ्याकडचंच नेतात. डबा रिकामा परत कसा द्यावा, म्हणून राहून गेलाय."

"फक्त दह्याचंच विरजण नेतात?" बेबीनंदानं विचारलं.

गिरिजाबाईंनी डबा उचलून भांड्यांच्या मागे सरकवला. त्यांना कळलं होतं की ही बाई पुढे काय विचारणार.

५

साडेतीन वाजता सगळे हौदांपाशी जमले. बेबीनंदानंच तसं सांगितलं होतं; सही हवी असेल तर घरातली सगळी मोठी माणसं हवीत म्हणाली. अप्पाराव घड्याळ बघत होते. मच्छिंद्रला काकासाहेबानं दंड धरून आणलं होतं. शिवकन्या लांब, झोपडीच्या दारात उभी होती. तिनं भांडीकुंडी पोत्यात भरून ठेवली होती, कारण संध्याकाळपर्यंत झोपडी मोकळी करायला तिला सांगितलं होतं. गोजरबाई पदर खोचून लिंबाखाली बसल्या होत्या.

"सही करते," बेबीनंदा म्हणाली. "पण या शब्दाखाली नाही. हे विष नव्हे."

काकासाहेब तिच्या अंगावर ओरडायला लागला. तिनं त्याला ओरडू दिलं. त्याचं झाल्यावर ती हौदाकडे वळली आणि गप्पी मासे दाखवले. कपाशीचं ते औषध थेंबभर पडलं तरी आधी मासे उलटे होतात, हे इथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. ओढ्याला फवारणीचे पंप धुतल्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. इथे झिंगे मेले आणि मासे खेळतायत. शिवाय विष एका रात्रीत मारतं. ही पिल्लं शनिवारी खायची थांबली, रविवारी पांढरी पडली आणि मंगळवारी मेली. तसं ज्यानं सांगितलं, त्याचं कुणी ऐकलं नाही.

"मंग बाटली?" अप्पारावांनी विचारलं.

तिनं बाटली पर्समधून काढून त्यांच्याच हातात दिली आणि गळ्यात बघा म्हणाली. अप्पारावांनी बघितलं. कोळी घर करून, जेवून, गेल्यालाही महिने झाले होते. त्या बाटलीतून गेल्या आठवड्यात काहीही ओतलं गेलेलं नव्हतं.

"आणि बाहेरून बोट फिरवा. चुलीवरच्या छपरात राहिलेली वस्तू काजळीनं काळी होते. या बाटलीला काजळी नाही. कापूस आहे. मच्छिंद्रनं कापूस कधी पिकवला? तुमच्या कापसाच्या खोलीत फळीवर आठ बाटल्या आहेत आणि नवव्याची जागा मोकळी आहे. किल्ली कुणाकडे असते, ते तुम्ही सांगा."

अप्पारावांनी भावाकडे पाहिलं. काकासाहेबानं मच्छिंद्रचा दंड सोडला होता.

"त्यानंच केलं असणार ना दादा," तो म्हणाला. "दुसरा कोण करणार? सापडत काही न्हवतं, म्हणून मंग..."

वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. अप्पाराव खाली बघत राहिले. भावाला शरम वाटत नव्हती, फक्त पकडला गेल्याचा राग होता, आणि हे बेबीनंदाइतकंच अप्पारावांनाही दिसत होतं.

तरी प्रश्न राहिलाच होता आणि तो अप्पारावांनी विचारला. विष नाही तर काय? आणि काहीही असलं तरी नेमका मच्छिंद्रचाच हौद कसा वाचला?

६

बेबीनंदा कठड्यावर बसली. मागल्या वर्षी ती प्रशिक्षणाला आंध्रच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे पिल्लं काढणाऱ्या केंद्रांत तिनं अशाच पांढऱ्या शेपट्यांचे ढीग पाहिले होते. हा विषाणूचा रोग. डोळ्याला दिसत नाही, औषध नाही. पाण्यातून पसरतो. नमुना ती तपासायला पाठवणारच होती, पण उत्तर काय येणार याबद्दल तिला शंका नव्हती.

"या रोगाची एक खोड आहे," ती म्हणाली. "मोठ्या झिंग्याला तो काही करत नाही. मोठा झिंगा तो अंगात बाळगून वीतभर होतो, दिसतो झक्कास. मरतात ती पिल्लं. तुमची पिल्लं निरोगी आली होती, नाहीतर तिसरा हौदही गेला असता. रोग नंतर आला. ज्या तळ्यात मोठे झिंगे मजेत आहेत आणि नवीन सोडलेली पिल्लं टिकली नाहीत, अशा तळ्याच्या पाण्यातून आला."

तिनं हौदातली दोन-चार हिरवी पानं बोटावर उचलून दाखवली. ही तुमच्या विहिरीत नाहीत, तिसऱ्या हौदात नाहीत. बांधापलीकडे मात्र त्यांची साय धरलीय.

अप्पाराव ताडकन उठले. पुंजारामनं पाणी टाकलं, असं ते ओरडले, आणि काकासाहेबाला पुन्हा हुरूप आला. दोघंही बांधाकडे निघालेच होते.

"पुंजारामनं नाही," बेबीनंदा म्हणाली. "वैरी येतो तो कठड्याला हळद लावून जात नाही."

मग ती लिंबाखाली गेली आणि गोजरबाईंच्या समोर उकिडवी बसली. तिनं आवाज चढवला नाही. म्हातारीचा तिला राग होता, सकाळच्या ग्लासापासून होता, पण हा प्रश्न रागानं विचारायचा नव्हता.

"मावशी, चांगलं दही लागावं म्हणून चांगल्या घरचं विरजण आणतात. मागल्या मंगळवारी तुम्ही मच्छिंद्रला अंबडला धाडलंत. घरात पेंड असताना."

गोजरबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं. शपथ त्यानं घातली होती आणि मोडली त्यांनी होती.

"वंगाळ केलं न्हाई म्या," त्या म्हणाल्या. "त्याच्या तळ्यात वीतभर झिंगा झाला. पाण्याचा गुण असतो. इरजण पडल्याबिगर दूध तरी लागतं का? दोन कळश्या आणल्या, हळद लावली, वतल्या. लेकराच्या भल्यासाठी केलं."

अप्पाराव मटकन कठड्यावर बसले. आईनं चाळीस हजार जीव मारले, तेही पूजा करून आणि वैऱ्याच्या पाण्यानं, हे एकदम गळ्याखाली उतरणारं नव्हतं.

"आणि माणूस सकाळपासून कोंडलाय, मार खाऊन पडलाय, हे दिसत असताना तुम्ही गप्प बसलात," बेबीनंदा म्हणाली.

"मला काय ठाव पाण्यानं झालं म्हणून? आन सांगितलं असतं तर ह्यो मला घरात ठिवता का?"

"बरं. तेही सोडा. हौद तीन होते मावशी. कळश्या दोनच का आणल्या?"

गोजरबाईंनी मान वर केली. याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं.

"त्याच्या हौदाला कशाला आपलं इरजण?"

मच्छिंद्र तिसऱ्या हौदाला टेकून उभा होता. त्यानं म्हातारीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. त्याच्या हौदात वीस हजार पिल्लं इकडून तिकडे पळत होती.

बेबीनंदानं घडी केलेला पंचनामा काढला, 'विषप्रयोग' खोडून त्यावर 'विषाणूजन्य रोग' लिहिलं आणि सही केली. अप्पारावांनी तो न वाचता घेतला. मग जरा वेळानं ते सावरले आणि हिशेबी माणूस सावरतो तसे सावरले: आता उरलेला हौद तरी आपल्या तळ्यात सोडता येईल, मच्छिंद्रला पुढल्या वर्षी दुसरा देऊ, असं ते काकासाहेबाला हळू आवाजात सांगू लागले. बेबीनंदाचे कान तिखट होते. तिनं अप्पारावांच्या हातातली बाटली काढून घेतली.

"तो हौद मच्छिंद्रचा आहे, हे तुमच्याच भावानं सकाळी चार माणसांत सांगितलंय," ती म्हणाली. "त्याच भरवशावर तुम्ही त्याला ठाण्यात नेणार होतात. आता तोंड फिरवू नका. बाटली माझ्याकडे राहील. त्याची झोपडी हलली किंवा हौद हलला, तर मी ती घेऊन अंबडला जाईन, आणि कोळ्यासकट जाईन."

मग तिनं पुढचं सांगितलं, आणि ते मात्र खात्याचं सांगणं होतं. दोन्ही हौद चुन्यानं आणि ब्लीचिंग पावडरीनं धुवायचे, मेलेली पिल्लं खड्ड्यात पुरायची. या घरातल्या सगळ्यांचे हात, बादल्या, जाळी त्या पाण्याला लागलेल्या आहेत. म्हणून तिसऱ्या हौदाची बादली वेगळी, जाळी वेगळी. त्याला मच्छिंद्र आणि शिवकन्येखेरीज कुणीही शिवायचं नाही. एक थेंब उडाला तरी तो हौदही जाईल.

शिवकन्येनं झोपडीच्या दारातलं पोतं सोडून त्यातून एक नवी बादली काढली आणि तिसऱ्या हौदाच्या कठड्यावर आणून ठेवली.

ड्रायव्हरनं जीप चालू केली. बेबीनंदा बसायला निघाली तेव्हा गोजरबाई लिंबाखालून उठल्या होत्या. चाळीस हजार मेल्यावर उरलेली तरी पिल्लं एकदा डोळ्यांनी बघावीत, असं त्यांना वाटलं असेल. त्या तिसऱ्या हौदाकडे चालत आल्या आणि कठड्यावर हात टेकवणार, तेवढ्यात मच्छिंद्र मध्ये आला. त्याचा आवाज चढला नाही. चार वर्षांत या घरी त्याचा आवाज कधी चढला नव्हता.

"माय, थितंच थांबा," तो म्हणाला. "शिवू नका. लांबून बघा."

गोजरबाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो पदराखाली घेतला आणि लांबून पाहिलं.